माहेरचं पाचट

ट्रॅक्टरचा आवाज ओढ्याच्या वळणावर आला तेव्हाच मी ओळखलं, जयसिंगदादा आला. परातीतलं पीठ तसंच टाकलं, हात पदराला पुसले आणि पळत अंगणात आले. एक नाही, दोन ट्रॉल्या होत्या. दोन्ही उसाच्या पाचटानं, वाळक्या पाल्यानं, गच्च भरलेल्या, वरून दोर आवळलेला, आणि मागच्या ट्रॉलीवर माझा भाऊ मांडी घालून असा बसलेला, जणू गावच जिंकून आलाय.

"आत्याबाई, दादा आला बघा!"

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या सोप्यात लसूण सोलत बसलेल्या. त्यांनी चष्मा सारखा केला, ट्रॉल्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बया! एवढं सगळं?"

माझ्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत माझ्या माहेराबद्दल त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला बरा शब्द. लग्नात आमटीला मीठ कमी पडलं होतं, ते त्यांनी सहा वर्षं पुरवून पुरवून खाल्लं. दिवाळीला माझ्या आईनं धाडलेल्या करंज्या हातात घेऊन म्हणायच्या, "नदीकाठची माणसं. पाणी लई, सारण कमी." मी गप्प ऐकायची. त्यामुळं 'एवढं सगळं' हे दोन शब्द मला त्या दिवशी कुणी ओटी भरल्यासारखे वाटले. आज हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटले.

पाचटाची एवढी अपूर्वाई का, ते सांगते. आमचं गाव तासगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. इथं द्राक्ष आहे, पाणी नाही. अवकाळीनं आणि गारांनी लागोपाठ दोन हंगाम झोडपले, तेव्हा आमच्या ह्यांनी वीस गुंठे बागेवर पॉलीहाऊस घातलं. वर प्लॅस्टिक, बाजूला जाळी. गावातली माणसं बघायला यायची आणि म्हणायची, "माणसं पत्र्याखाली आणि वेलींना बंगला!" पण बंगल्याची एक खोड होती. आत पावसाचा थेंब येत नाही, म्हणजे वेलीनं प्यायचं सगळं पाणी आपणच द्यायचं. आणि उन्हाळ्यात आत अशी धग, की सकाळी ठिबकनं दिलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जायचं. बोअर चालायची जेमतेम दीड तास. एप्रिलची खरड छाटणी झालेली, वेली नुसत्या खुंटासारख्या उभ्या, आणि नव्या फुटीला पाणी पुरेना. ही फूट चांगली आली तरच पुढच्या हंगामात घड. ती बिघडली की वर्ष गेलं.

मग हे कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना डोक्यात मल्चिंग घेऊन आले. म्हणाले, वेलींच्या बुंध्यात जाड पाचट पसरायचं, म्हणजे जमीन झाकून राहते, पाणी उडत नाही, निम्म्या पाण्यात बाग निघते. आत्याबाई म्हणाल्या, "आनि पाचट आणनार कुठनं? आपल्या हितं ऊस दिसतो त्यो रसाच्या गाड्यावर."

त्या घरात मी पहिल्यांदा मान वर करून बोलले. म्हटलं, "माझ्या माहेरात पाचट पेटवून देत्यात. दादा दील की."

तर असा तो दादा आला होता.

पाचट उतरवायला तातोबामामा आधीच पॉलीहाऊसच्या दाराशी येऊन थांबलेले. तातोबामामा म्हणजे गावातले फवारणीवाले. साठीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. कुणाच्याही बागेत औषध मारायचं असलं की लोक आधी विचारायचे, "तातोबा मोकळा हाय का?" त्यांचे स्वतःचे दोन पंप होते. द्राक्षाचा निळा, आणि तणाच्या औषधाचा दुसरा, त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली. निळा घरात देवळीजवळ असायचा, लाल चिंधीचा बाहेर गोठ्यात. एका पंपाचं पाणी दुसऱ्याच्या पाण्याला कधी भेटू द्यायचे नाहीत. "सोवळं-ओवळं बामनाचं नसंल एवढं तातोबाचं हाय," असं लोक चेष्टेनं म्हणायचे, पण आपली बाग डोळे झाकून त्यांच्याच हातात द्यायचे.

मला द्राक्षातलं जे काही येतं ते त्यांनीच शिकवलं. नवी नवरी म्हणून बागेत आले तेव्हा फूट कुठली ठेवायची, कुठली काढायची हे कळायचं नाही. बाकीच्या बायका फिदीफिदी हसायच्या. मामा मात्र वेलीजवळ बसवून सांगायचे. एकदा शेजारच्या बांधाकडे बोट दाखवून म्हणाले होते, "वैनी, एक ध्यानात ठेवा. ते तणाचं औषध, टू-फोर-डी, द्राक्षाला म्हंजे इख. लांब कुठं मारलं तरी वाऱ्यानं हिकडं पान वाकडं हुतं. नुसता वास सोसत न्हाई तिला."

हे मला पाठ होतं. म्हणून तर पुढचं जास्त वाईट.

मागची ट्रॉली आधी रिकामी करायची ठरली. मी दादाला चहा द्यायला गेले. फुर्रकन घोट घेऊन तो म्हणाला, "शालन, पुढच्या ट्रॉलीत वरच्या मळ्यातलं हाय. ह्या मागच्यात खालच्या पट्टीचं. तिथं चांदवेलीचं तण लई माजलेलं, म्हणून गेल्या आठवड्यात पाचटावरनंच टू-फोर-डी मारलं. पर आता वाळून कडकडीत झालंय सगळं. तसं काय न्हाई."

त्याचं बरोबर होतं. उसाला त्या औषधानं काही होत नाही. ऊसवाल्याला द्राक्षाचं दुखणं काय ठाऊक?

मला ठाऊक होतं. 'दादा, ही ट्रॉली परत ने,' एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्द. मी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात आत्याबाई स्वतः चालत पॉलीहाऊसपर्यंत आल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी बाई माझ्या भावासाठी बांध ओलांडून आली होती. म्हणाल्या, "जयसिंगराव, जेवल्याबिगर जायचं न्हाई. पुरन घातलंय मी." आणि माझ्याकडं वळून, चारचौघांत, म्हणाल्या, "शालनच्या म्हायेरानं लाज राखली बाई आमची."

जयसिंग'राव'! मी तोंड मिटलं. मनाशी म्हटलं, आठ दिवस उन्हात वाळलंय. एवढ्यानं काय होतंय? दोन दिवस ऊन लागलं की उरलंसुरलं जाईल. दादा पुरणपोळी जेवला, वरून तूप. मीही जेवले. गोड लागली, खोटं कशाला सांगू.

पश्चिमेच्या सहा ओळींत मागच्या ट्रॉलीतलं पाचट पडलं, बाकीच्यांत पुढच्या.

चौथ्या दिवशी ह्यांनी पाचटाखाली हात घातला आणि मूठभर माती काढून माझ्यापुढं धरली. मुठीत दाबली तर तिचा लाडू झाला. "अगं बघ की! तीन दिवस पाणी दिलं न्हाई. बोअर तासभर चालवली तरी बास होतंय!" त्यांना असं हसताना मी दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मातीचा तो लाडू त्यांनी घरी आणून आत्याबाईंनाही दाखवला. मी म्हटलं, चला, काही झालं नाही. सुटले.

त्याच आठवड्यात उडद्या भुंगा दिसला. कोवळी फूट कुरतडणारा बारकासा किडा. तातोबामामांना निरोप गेला. सकाळी ते निळा पंप पाठीला लावून आले आणि पश्चिमेकडच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. थोड्या वेळानं परत फिरून परसदारात आले.

"वैनी, नोझल तुंबलं. त्या लाल चिंधीच्या पंपाचं काढून आणलंय, ते लावतो. जरा कडक पाणी आन् धुण्याचा सोडा द्या."

मी चुलीवरचं आधण त्यांच्या घमेल्यात ओतलं. त्यांनी ते नोझल सोड्याच्या पाण्यात बुडवलं, काडीनं कोरलं, ओतून दिलं. पुन्हा पाणी, पुन्हा सोडा. तिसऱ्यांदाही तसंच. मी म्हटलंसुद्धा, "मामा, बाळंतिणीची भांडी एवढी घासत न्हाईत." ते हसले. "भांड्यानं माणूस मरत न्हाई वैनी. ह्यानं बाग मरती." मग ते नोझल निळ्या पंपाला लावलं आणि गेले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. आणखी कुणीही तिथं नव्हतं.

आठ दिवसांनी पश्चिमेच्या ओळींतली पानं वाकडी झाली. आधी वाटलं, उन्हानं. मग पानं पंख्यासारखी चुरमडली, शिरा एकमेकींत गुंतल्या, शेंड्यांनी आकड्यासारख्या माना टाकल्या. दुपारी आत गेलं की गरम वाफेबरोबर एक उग्र दर्प यायचा. बाकी कुणाला तो औषधाचा वाटला नाही, पॉलीहाऊसात सतराशे साठ वास असतात. मला वाटला. मी रात्रंदिवस देवाला एकच सांगत होते की हे दुसरं काहीतरी असू दे, भुरीचा रोग असू दे, किडा असू दे.

ह्यांनी तालुक्याहून द्राक्षाचा सल्लागार बोलावला. तरुण माणूस होता, पण जाणता. पान हातात घेतलं, उन्हात धरलं आणि म्हणाला, "टू-फोर-डी."

आम्ही सगळे तिथंच उभे होतो. हे, आत्याबाई, मी आणि निरोप गेल्यावर आलेले तातोबामामा.

सल्लागारानं खाली बघितलं, बुटानं पाचट हलवलं. "हे पाचट कुठलं?"

आत्याबाई पटकन पुढं झाल्या. "आमच्या सूनबाईच्या म्हायेरचं. नदीकाठचं. दोन ट्रॉल्या फुकट दिल्यात भावानं."

तो माझ्याकडं वळला. "यावर काही मारलेलं होतं का, ताई?"

आता विचार केला तर वाटतं, त्यानं एवढं सरळ विचारलं, हे देवानंच दिलेलं दार होतं. पण मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांची मान ताठ होती, माझ्या माहेराच्या अभिमानानं! सहा वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाई," मी म्हटलं.

एकच शब्द. तोही बारीक आवाजात.

"मग फवारणीतून आलंय," सल्लागार म्हणाला. "पंप कुणाचा?"

"माझा," तातोबामामा म्हणाले. "पर दोन पंप येगळे हायत साहेब. गावाला इचारा."

"ह्या पंपाचा काही भाग त्याला, त्याचा ह्याला असं?"

मामा जरा थांबले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्या दिशी नोझल बदललं हुतं. पर सोड्याच्या कडक पान्यात तीन येळा धुतलं हुतं."

"कुठल्या ओळीपासून सुरुवात केली?"

"मावळतीकडच्या."

सल्लागारानं ह्यांच्याकडं बघून मान हलवली. बिघडल्या होत्या त्या नेमक्या त्याच ओळी. "धुतलं असेल हो," तो म्हणाला, "पण लावायच्या आधी की काम झाल्यावर? गडबडीत माणसाचं होतं असं."

"आधीच की. आधीच धुतलं." मग मामा माझ्याकडं वळले. त्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. मला ते तोंड अजून दिसतं. "ह्या वैनींनीच पानी दिलं हुतं. वैनी, सांगा की. लावायच्या आधी धुतलं न्हवं मी?"

मी होय म्हटलं असतं तर नोझल सुटलं असतं. आणि नोझल सुटलं की उरलं असतं ते पाचट.

"मला आठवत न्हाई, मामा," मी म्हटलं. "पानी दिलं हुतं खरं. कवा दिलं ते काय ध्यानात न्हाई."

त्यांचं हसू लगेच गेलं नाही. जरा वेळ तसंच तोंडावर राहिलं, म्हणजे माझं पुढचं बोलणं अजून यायचंय असं. मग ते खाली स्वतःच्या हातांकडं बघायला लागले. "धुतलं हुतं की मी," ते स्वतःशीच म्हणाले. "आधीच... धुतलं हुतं न्हवं?"

त्यांना रागाचा एक शब्दही कुणी बोललं नाही. ह्यांनी उलट समजूत घातली, "मामा, हुतंय, माणूस हाय." त्याहून शिवी बरी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, तातोबाच्या हातनं बाग गेली. दुसऱ्या दिवशी फवारणीला ज्यानं त्यांना सांगून ठेवलं होतं, त्यानं दुसरा माणूस बघितला. मग आणखी एकानं. पावसाळ्यापर्यंत त्यांना बोलावणारं गावात कुणी उरलं नाही.

आणि मामा काय करायचे? रोज सकाळी आमच्या पॉलीहाऊसात यायचे. वाकडी फूट कात्रीनं काढायचे, वेलींना पाणी बघायचे. ह्यांनी मजुरी पुढं केली तर हात मागं घेतला. मी चहा नेला तर म्हणायचे, "नको वैनी. मी नुसकान केलंय. त्या घरचा चहा कसा पिऊ?" मी तो चहा मोरीत ओतायची आणि पदर तोंडात घालून रडायची. पण बोलले का? नाही.

पश्चिमेच्या सहा ओळींतलं पाचट मात्र मी काढून टाकायला लावलं. म्हटलं, उंदीर झालेत, ठिबकच्या नळ्या कुरतडतात. बघा, सोंग करायला मला बरोबर सुचत होतं. त्या ओळी वर्षभर आजाऱ्यासारख्या पडून राहिल्या आणि मग सुधारल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी दादाला फोन करून बजावलं, "वरच्या मळ्यातलंच आण, औषध न मारलेलं." त्यानं कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते पाचट घातलं आणि आमची बाग अशी आली, की लांबलांबचे शेतकरी बघायला आले. पाणी निम्म्यावर आलं. पाचटाखाली गांडुळं झाली. आत्याबाई आल्यागेल्याला पाचट उचलून दाखवायच्या, "आमच्या शालनच्या म्हायेरचं." तातोबामामा तोवर यायचे बंद झाले होते. दोन शेळ्या घेतल्या होत्या त्यांनी, त्या चारायचे.

सांगायचं मी रोज ठरवत होते. आधी म्हटलं, आत्याबाईंच्या माघारी सांगीन. आत्याबाई गेल्या, त्यालाही तीन वर्षं झाली. मग म्हटलं, मुलीची दहावी होऊ दे. ती झाली. माणसाला निमित्त काय, झाडाला पानं असतात तेवढी.

अकरा वर्षांनी तालुक्याच्या मेळाव्यात माझा सत्कार ठेवला. 'कमी पाण्यात द्राक्ष पिकवणाऱ्या महिला शेतकरी.' शाल घातली, नारळ दिला. निवेदक माइकवर म्हणाला, "सासरची बाग माहेरच्या पाचटानं वाचवणारी लेक!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र ती शाल अशी टोचायला लागली, की कधी एकदा काढून टाकते असं झालं. गाडी गावात आली तेव्हा ह्यांना म्हटलं, "तुमी व्हा पुढं," आणि वेशीतच उतरले.

तातोबामामांच्या अंगणात उन्हं उतरत आली होती. ते दोरी वळत बसलेले. हौसाकाकू, त्यांची बायको, शेळीपुढं पाला टाकत होत्या. त्यांना आता कमी ऐकू येतं.

"या वैनी. बसा. पानी आनतो," मामा म्हणाले. उठून रांजणाजवळ गेले. तांब्या विसळला, पाणी फेकलं. पुन्हा विसळला. फेकलं. तिसऱ्यांदा विसळला आणि उजेडाला धरून आत बघितलं.

"येड लागलंय ह्यास्नी," हौसाकाकू मला म्हणाल्या. "ताट तीन येळा, तांब्या तीन येळा, हात तीन येळा. अकरा वर्सं झाली. रात्री उठून इचारत्यात, हौसे, मी हात धुतलं का गं? मी तरी काय सांगू? मला काय ठावं?"

मी ते पाणी घेतलं नाही. नारळ जोत्यावर ठेवला आणि म्हटलं, "मामा, ते पाचटातनं आलं हुतं."

"काय?"

"टू-फोर-डी. मागच्या ट्रॉलीतल्या पाचटावर मारलेलं हुतं. दादानं मला सांगितलं हुतं. त्याच दिशी, उतरवायच्या आधी. मला म्हाईत हुतं, मामा."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग हिशेब जुळवत असल्यासारखं म्हणाले, "मागली ट्रॉली. मावळतीच्या वळीत पडली हुती ती."

"व्हय."

"मग नोझल?"

"नोझल तुमी धुतलं हुतं."

"आधी?"

"आधीच. मी हुते तिथं. तीन येळा धुतलंत. बाळंतिणीची भांडी म्हणून मी चेष्टा केलेली."

"भांड्यानं माणूस मरत न्हाई, म्हनलो हुतो मी," ते सावकाश म्हणाले. "म्हनलो हुतो की. मला वाटायचं, ते मी सपनात बघितलं." त्यांनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "म्हंजे मी धुतलं हुतं."

मला त्यांच्या पाया पडायचं होतं. वाकले तर त्यांनी पाय आखडून घेतले. "ते ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "हौसाला सांगा."

मी काकूंजवळ गेले. म्हटलं, "काकू, मामांनी नोझल धुतलं हुतं."

"काय म्हंतीस?"

"मामांची काय चूक नव्हती."

"कोन चुकलं?" त्यांनी कानावर हात धरला.

मागून मामा म्हणाले, "मोठ्यानं सांगा, वैनी. त्या दिशी लई बारीक बोलला हुता."

मी अंगणाच्या मध्ये उभी राहिले. पलीकडं गिरणीपुढं पाच-सहा बायका डबे घेऊन बसलेल्या, पारावर माणसं होती. मी अख्खा श्वास घेतला आणि ओरडले, "मामांनी नोझल आधीच धुतलं हुतं! मी बघितलं हुतं! बाग माझ्या म्हायेरच्या पाचटानं गेली! मला म्हाईत हुतं आन् मी खोटं बोलले!"

गिरणीचा पट्टा तेवढा फडफडत राहिला.

हौसाकाकूंना ह्या वेळी ऐकू आलं. त्या नवऱ्याकडं गेल्या, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. धुऊन धुऊन त्या हातांना भेगा पडल्या होत्या. "धनी," त्या म्हणाल्या, "मीबी इस्वास ठिवला न्हाई वो तुमच्यावर."

मामांनी हात सोडवून घेतले आणि रांजणाजवळ गेले. तांब्या घेतला. एकदाच विसळला. भरला, आधी काकूंना दिला, मग पुन्हा भरून स्वतः प्याले, वरून, गटागटा, पाणी गळ्यावरून सदऱ्यावर सांडेपर्यंत.

मलाही तहान लागली होती. पण मागायला तोंड नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नाही. जोत्यावरचा नारळ उचलून त्यांनी माझ्या हातात परत दिला. "अंधार पडंल वैनी. जावा," एवढंच म्हणाले.

मी खांद्यावरची शाल काढून घडी घातली, नारळ तिच्यात गुंडाळला आणि गल्लीत आले. दारादारांत माणसं उभी होती. गिरणीजवळच्या एकीनं विचारलं, "वैनी, काय सांगत हुता वो? आमाला नीट कळलं न्हाई."

मी थांबले आणि तिला पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. मग पुढच्या दारात.